गोष्ट कोणाची, मूल कोणाचे? : कोरियन लोककथेच्या 'बालकथा' होण्याचा इतिहास

१

कोरियात मुलाला गोष्ट सांगताना सुरुवातीचा जो ठरीव संकेत वापरला जातो, तो ऐकणाराला क्षणभर थबकवणारा आहे. फार फार पूर्वी, म्हणजे वाघ तंबाखू ओढत असत त्या काळी, अशा अर्थाच्या शब्दांनी कथेचे दार उघडते. या संकेताचे कार्य उघड आहे. श्रोत्याला इतिहासाच्या काळातून उचलून अशा काळात नेणे, जिथे वाघ बोलू शकतो, कासव राजदूत होऊ शकते आणि आभाळातून दोर खाली येऊ शकतो. तथापि तंबाखू कोरियात आली ती सतराव्या शतकाच्या आरंभी, जपानच्या स्वाऱ्यांनंतर. म्हणजे आज आपल्यासमोर असलेल्या रूपात हा संकेत त्याआधीचा असू शकत नाही. 'अनादी' काळाची द्वाही फिरवणाऱ्या शब्दांच्याच अंगावर असा कालखंडाचा शिक्का बसलेला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या विसंगतीशी निगडित आहे. लहान मुलांना पारंपरिक कोरियन लोककथा सांगणे ही वरवर पाहता अतिशय निरागस आणि अतिप्राचीन कृती वाटते. आजी आहे, नातवंड आहे, हिवाळ्याची रात्र आहे, खालून ऊब देणारी ओंदोल जमीन आहे. हे चित्र खोटे नाही. परंतु ज्याला आज 'जॉल्ले दोंगह्वा', म्हणजे परंपरेने चालत आलेली बालकथा, असे म्हटले जाते तो साहित्यप्रकार मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडला आणि तोही वासाहतिक सत्तेच्या छायेत घडला. तो घडताना मौखिक निवेदनातील विशिष्ट मुलाची जागा 'मूल' या सामान्य संकल्पनेने घेतली. या स्थित्यंतरात काय हाती लागले आणि काय निसटले, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

या परंपरेतील ज्या कथाकथनाचा सर्वात जुना लिखित वृत्तान्त आपल्याला उपलब्ध आहे, त्यात मूल कोठेही नाही. ११४५ मध्ये सिद्ध झालेल्या 'साम्गुक सागी' या इतिहासग्रंथात सेनापती किम युसिन याच्या चरित्राच्या ओघात ६४२ मधील एक प्रसंग नोंदवला आहे. सिल्ला राज्याचा सरदार किम चुनचू मदत मागण्यासाठी गोगुर्योच्या दरबारी जातो. तेथील राजा पूर्वी आपला असलेला प्रदेश परत मागतो आणि नकार मिळताच त्याला बंदीत टाकतो. किम चुनचू राजाच्या मर्जीतील एका दरबाऱ्याला निळे कापड गुपचूप देतो. हा दरबारी मेजवानीचे साहित्य घेऊन त्याच्याकडे येतो आणि मद्य घेता घेता, जणू सहज म्हणून, एक गोष्ट सांगतो. समुद्राच्या नागराजाची कन्या आजारी पडली. औषधासाठी सशाचे काळीज हवे. कासवाने सशाला फूस लावून पाठीवर घेतले. मध्य समुद्रात खरा हेतू कळताच ससा म्हणाला, काळीज धुऊन खडकाखाली ठेवले आहे, परत फिरलो तर आणता येईल. किनारा लागताच ससा निसटला. किम चुनचूला मर्म उमगते. प्रदेश परत देववितो असे तो राजाला लिहून देतो आणि सुटतो.

मराठी वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल, आणि ते रास्तच आहे. पंचतंत्रातील 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्राची चौकट माकड आणि मगर यांच्या ज्या कथेवर उभी आहे तीच ही कथा; पालीतील सुंसुमार जातक हेही तिचेच रूप. बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांतून ती पूर्वेकडे गेली. या प्रवासात माकडाचा ससा झाला, मगरीचे कासव झाले, हृदयाचे यकृत झाले. तथापि प्राण्यांच्या या अदलाबदलीपेक्षा कथनप्रसंगाची अदलाबदल अधिक अर्थपूर्ण आहे. पंचतंत्रात ही कथा विष्णुशर्मा राजपुत्रांना सांगतो, म्हणजे तेथे ती शिक्षण या चौकटीत बसवलेली आहे. 'साम्गुक सागी'त ती लाच घेतलेला एक दरबारी एका कैद्याला सांगतो. तिचा उपदेश सत्य बोलण्याचा नाही; बलिष्ठाच्या तावडीत सापडलेल्या दुर्बलाने वेळेवर खोटे कसे बोलावे, हा आहे. पुढे जोसॉन काळात हीच कथा 'सुगुंगगा' या नावाने पान्सोरी गायनात आली. तेथे नागराजाचा दरबार हे भ्रष्ट आणि मूर्ख अधिकाऱ्यांचे चित्र होते, आणि बाजारात, मेजवान्यांत हसणारे श्रोते प्रौढ होते. सज्जन धाकटा भाऊ हंगबू आणि लोभी थोरला नोल्बू यांची कथा, आंधळ्या बापासाठी समुद्रात देह टाकणारी शिम चॉन्ग, या आज बालवाडीत सांगितल्या जाणाऱ्या कथांचेही मोठे घर पान्सोरीच होते.

याचा अर्थ मुले या कथा ऐकत नव्हती असा नाही. ती ऐकतच होती. परंतु प्रौढांच्या मध्ये बसून, प्रौढांसाठी असलेल्या गोष्टीतला आपल्याला पेलेल तेवढा भाग घेत ऐकत होती. मुलासाठी निराळी गोष्ट असावी ही कल्पनाच निराळ्या मुलाची कल्पना गृहीत धरते.

३

ही कल्पना कोरियात कशी आली? फिलिप आरिएस यांच्या १९६० मधील ग्रंथापासून बालपण ही ऐतिहासिक घडण असल्याचा विचार आपल्या परिचयाचा आहे. आधुनिक जपानी साहित्याच्या उगमांविषयीच्या आपल्या १९८० मधील पुस्तकात कारातानी कोजिन यांनी 'बालकाचा शोध' ही आधुनिक साहित्यव्यवस्थेचीच एक निष्पत्ती असल्याचे दाखवले. कोरियाच्या बाबतीत या मांडणीला एक पेच पडतो. येथे बालकाचा शोध ज्या भाषेतून आणि ज्या शहरातून आला ती भाषा आणि ते शहर राज्यकर्त्यांचे होते.

१९१० मध्ये जपानने कोरिया खालसा केला. त्याच्या आगेमागे छ्वे नामसॉन यांनी 'सोन्यॉन' (१९०८) आणि 'आइदुलबोइ' (१९१३) ही नियतकालिके काढून तरुण आणि बालवाचक घडवण्यास प्रारंभ केला होता. १९१९ च्या मार्चमधील स्वातंत्र्य आंदोलनानंतर प्रकाशनांवरील बंधने काहीशी सैल झाली, तेव्हा या प्रयत्नांना चळवळीचे रूप आले. तिच्या केंद्रस्थानी होते बांग जॉन्गह्वान (१८९९–१९३१). ते छॉन्दोग्यो या देशी धर्मपंथाचे कार्यकर्ते होते. मुलाला मारणे म्हणजे प्रत्यक्ष स्वर्गाला मारणे, अशी शिकवण या पंथाचे दुसरे गुरू छ्वे शिह्यॉन्ग यांनी एकोणिसाव्या शतकातच दिली होती. दुसरीकडे बांग टोकियोत शिकत होते. तेथे १९१८ पासून 'आकाई तोरी' या मासिकाभोवती 'दोवा', म्हणजे बालकथा, ही संज्ञा प्रतिष्ठित झाली होती. त्याच दोन चिनी अक्षरांचा कोरियन उच्चार 'दोंगह्वा'. बांग यांच्या मनातील मूल असे दोन उगमांचे आहे: एक देशी आणि धार्मिक, दुसरा साम्राज्याच्या राजधानीतून आलेला. मुलासाठी 'ऑरिनी' हा आदरवाचक शब्द त्यांनी रूढ केला. १९२३ च्या मार्चमध्ये त्याच नावाचे मासिक सुरू झाले, आणि त्याच वर्षी टोकियोत 'सेक्दोंगह्वे' ही संस्था स्थापन झाली.

१९२२ मध्ये 'गेब्योक' या मासिकाने वाचकांना आवाहन करून जोसॉनच्या जुन्या गोष्टी मागवल्या. १९२३ च्या जानेवारीत याच मासिकात बांग यांनी बालकथेविषयी एक विवेचक लेख लिहिला. बालकथा म्हणजे मुलासाठी असलेली कथा अशी व्याख्या करून त्यांनी जुन्या कथांच्या संकलनाचा आग्रह धरला. यामागील निकड वाङ्मयीन तेवढीच राजकीय होती. राज्य गेले होते, शाळेत राष्ट्रभाषा म्हणून जपानी शिकवली जात होती. अशा वेळी आजीच्या तोंडची गोष्ट हा राष्ट्राच्या अस्तित्वाचा उरलेला पुरावा ठरतो. सेक्दोंगह्वेच्या सदस्यांत सोन जिनथे आणि जॉन्ग इनसॉप होते, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. पुढे एकाने १९३० मध्ये १५४ कथांचा शास्त्रीय संग्रह सिद्ध केला, तर दुसऱ्याने १९२७ मध्ये 'ओंदोल'च्या रात्रींच्या गोष्टींचे पुस्तक काढले. लोकसाहित्याचे अभ्यासक आणि बालचळवळीचे प्रवर्तक असे एकाच वर्तुळातले होते. पण ही दोन्ही पुस्तके टोकियोत आणि जपानी भाषेत प्रसिद्ध झाली! राष्ट्राचा पुरावा विद्वत्तेच्या बाजारात मांडायचा तर तो राज्यकर्त्याच्या भाषेतच मांडावा लागत होता.

आणि राज्यकर्तेही स्वस्थ बसलेले नव्हते. १९२४ मध्ये खुद्द जपानी गव्हर्नर-जनरलच्या शासनाने पंचवीस कथांचा 'जोसॉन बालकथासंग्रह' जपानीत प्रसिद्ध केला. त्याच्या संपादनाशी तानाका उमेकिची या जर्मन साहित्याच्या अभ्यासकाचे नाव जोडले जाते. ग्रिम बंधूंच्या परंपरेशी परिचित असलेला विद्वान, वसाहतीचे शासन आणि 'बालकथा' ही संज्ञा यांचा हा संयोग आकस्मिक मानता येत नाही. याला उत्तर म्हणावे असे पुस्तक १९२६ मध्ये आले. शिम उईरिन या शाळामास्तरांनी सहासष्ट कथा हांगुल लिपीत, कोरियन भाषेत संकलित केल्या. १९३८ मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक झाली, १९४० च्या ऑगस्टमध्ये प्रमुख कोरियन वृत्तपत्रे बंद पडली; आणि त्याच १९४० मध्ये पाक योंगमान यांनी पंचाहत्तर कथांचा कोरियन संग्रह छापला. 'जॉल्ले दोंगह्वा' हे शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. हे पाक पुढे स्वातंत्र्यसैन्यात गेले. मुलांसाठी गोष्टी जमवणे आणि सैन्यात दाखल होणे ही त्या पिढीला दोन वेगळी कामे वाटत नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

४

एकच गोष्ट दोघेही सांगू लागले की ती कोणाची हा प्रश्न उभा राहतो. गालावर आवाळू असलेल्या म्हाताऱ्याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. रानातल्या पडक्या घरात रात्री म्हातारा गाणे म्हणतो. दोक्केबी नावाची अद्भुत योनीतली मंडळी जमतात. गोड आवाज आवाळूतून येतो असे समजून ते ती विकत घेतात. दुसरा आवाळूवाला लोभाने जातो आणि दोन आवाळू घेऊन परततो. वासाहतिक शासनाच्या शालेय पाठ्यपुस्तकांत ही कथा १९१५ पासून दिसते. जपानीतही तिचे भावंड आहे आणि तेराव्या शतकातील 'उजी शूई मोनोगातारी'त त्याची नोंद आहे. ही कथा मूळची आमचीच, असे बांग यांनी आवर्जून सांगितले होते. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने मात्र या साम्याचा निराळा उपयोग होता: दोन्ही देशांच्या गोष्टी एक, म्हणून दोन्ही देश एक.

नंतरच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले ते चित्रांकडे. छापील कथेतील दोक्केबीला डोक्यावर शिंग आणि हातात काटेरी सोटा आला. ही जपानी 'ओनी'ची लक्षणे होत, असा आक्षेप विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जोराने मांडला गेला. मौखिक परंपरेतील दोक्केबी बहुधा जुना खराटा, चुलीतले कोलीत ढोसण्याची काठी अशा वापरून टाकून दिलेल्या वस्तूंतून निर्माण होतो. तो कुस्तीचा शौकीन, थोडा भोळा आणि विसराळू असतो. त्याला ठाम असे रूपच नाही. मौखिक निवेदनात त्याची गरजही नसते, कारण प्रत्येक श्रोता आपापला दोक्केबी पाहतो. छापील पान रूप मागते, आणि त्या रिकाम्या जागेत शिंग उगवते. शिंग परके होते यापेक्षा ते सर्व मुलांसाठी एकच होते, ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. देशी शिंग काढले असते तरी ही दुसरी हानी टळली नसती.

५

हा मुद्दा आशयाच्या पातळीवर तपासण्यासाठी सूर्य आणि चंद्र झालेल्या भावंडांची कथा घेऊ. १९२२ मध्ये 'गेब्योक'मध्येच चु योसॉप यांनी ती लिहून प्रसिद्ध केली होती. आई परगावी राबून तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वड्या घेऊन परतत असते. प्रत्येक खिंडीत वाघ आडवा येतो आणि एक वडी मागतो. दिलीस तर खाणार नाही म्हणतो. वड्या संपतात. अनेक कथनांत मग तो हात मागतो, पाय मागतो आणि शेवटी आईलाच खातो. तिचे कपडे घालून तो घरी येतो. मुले आतून विचारतात: आवाज आईसारखा का नाही? हात दाखव, तो इतका खरखरीत का? कपड्यांना खळ घालून झाला, असे वाघ सांगतो. काही कथनांत घरात तान्हे मूलही असते. वाघ ते खातो आणि मोठ्या भावंडांना अंधारात फक्त कुरकुर चावण्याचा आवाज ऐकू येतो. मुले झाडावर चढतात, आभाळाकडे दोर मागतात. त्यांना धड दोर मिळतो, वाघाला कुजका. तो ज्वारीच्या शेतात पडतो. ज्वारीच्या ताटावरचे तांबडे डाग त्याच्या रक्ताचे. बहिणीला रात्रीची भीती वाटते, म्हणून ती सूर्य होते आणि भाऊ चंद्र.

मुलांसाठीच्या छापील आवृत्त्यांत प्रथम तान्हे मूल नाहीसे झाले, मग हातपाय गेले. काही ठिकाणी आईचे मरण एका सौम्य वाक्यात आटोपते. असेच इतरत्रही घडले आहे. कोंगज्वी आणि तिची सावत्र बहीण पातज्वी यांच्या कथेचे १९१९ चे कादंबरीरूप विवाहावर थांबत नाही. तेथे कोंगज्वीचा खून होतो, ती फुलाचे आणि मण्याचे रूप घेऊन न्याय मागते, आणि पातज्वीला भयंकर देहदंड मिळतो. आजचे चित्रपुस्तक बहुधा विवाहावर थांबते.

या काटछाटीला दोन नेहमीची उत्तरे आहेत. एक म्हणते, मुलाचे मन जपले पाहिजे. दुसरे म्हणते, मूळ संहिता जशीच्या तशी द्यावी. माझ्या मते दोन्ही उत्तरे छापील पान गृहीत धरतात. मौखिक प्रसंगी 'मूळ' अशी संहिता नसतेच. ज्या आजीने तान्ह्या मुलाचा प्रसंग सांगितला, तिने तो कोणाला, कोणत्या रात्री सांगितला हे तिच्या निवेदनाचेच अंग होते. मूल घाबरले तर ती आवाज खाली आणते, खिंडींची संख्या वाढवते, वड्यांची मागणी विनोदी करते. धीट मुलाला ती ते हाड चावल्याचा आवाज काढून दाखवते. भीती आणि कूस एकाच वेळी उपलब्ध असतात. छपाईत निवेदक अनुपस्थित झाला आणि त्याचा हा विवेक कोणाला तरी द्यावा लागला. तो संपादकाच्या कातरीला मिळाला. परंतु कातरीला समोरचे मूल दिसत नाही. तिला दिसते ते सरासरीचे मूल, आणि सरासरीचे मूल नेहमीच खऱ्या मुलापेक्षा भित्रे असते.

शिवाय काटछाटीने जाते ते केवळ भय नव्हे. या कथेचे हृदय दाराशी चाललेल्या संवादात आहे. बाहेरचा आवाज प्रेमाची भाषा बोलतो, पण तो आईचा आहे की नाही हे मुलांनी ऐकून, चाचपून, पुरावा मागून ठरवायचे आहे. म्हणजे ही कथा ऐकणाऱ्यांना ऐकण्याविषयीच काही सांगते. आईचे मरण काढले की मुलांचे प्रश्न निव्वळ खोडकर कुतूहल होतात. त्यांच्या मागचा प्राणांतिक संदर्भ सुटतो. ज्या काळात शासन पालकाच्या आवाजात मुलांशी बोलू पाहत होते, त्याच काळात ही कथा बालकथा म्हणून छापली जात होती, हा योगायोग असेल. तथापि आवाजाची परीक्षा घेणारे मूल हे त्या पिढीला हवे असलेले मूल होते, यात शंका नाही.

६

स्वातंत्र्यानंतर आणि युद्धोत्तर काळात प्रश्नाचे रूप पालटले. एकीकडे संकलनाचे प्रचंड कार्य झाले. १९८० ते १९८८ या काळात मौखिक साहित्याचा ब्याऐंशी खंडांचा महाकोश सिद्ध झाला. इम सॉकजे यांचे १९२० च्या दशकापासूनचे संकलन १९८७ ते १९९३ मध्ये बारा खंडांत आले. दुसरीकडे कोश भरत असताना घरे रिकामी होत होती. शहरीकरणाने आजी आणि नातवंड वेगळी पडली. १९९० च्या दशकात सॉ जॉन्गओ या शिक्षक-लेखकाने गोष्ट वाचून दाखवण्याऐवजी सांगावी, बोलीच्या लयीत लिहावी, असा आग्रह धरला. २००९ पासून अंदोंग येथील कोरियन अध्ययनकेंद्राने 'गोष्टीवाल्या आजी' हा उपक्रम चालवला आहे. प्रथम तीस स्त्रियांनी आरंभ झाला. छप्पन वर्षांपुढील स्त्रिया प्रशिक्षण घेऊन बालवाड्यांत जातात आणि पाठ केलेली गोष्ट पुस्तकाविना सांगतात.

हा उपक्रम स्वागतार्ह आहे. आवाज, चेहरा आणि वय त्याने परत आणले. पण येथेही कथा संस्थेने निवडलेली, संस्कारांच्या उद्दिष्टाने तपासलेली आणि मुखोद्गत केलेली असते. निवेदक परत आला. त्याचा विवेक किती परत आला, हा प्रश्न उरतो. समोरचे मूल घाबरले किंवा कंटाळले तर खिंड वाढवण्याचे स्वातंत्र्य या आजीला आहे काय? विशिष्ट मूल परत येण्याची कसोटी ती आहे.

कोरियन परंपरेने या प्रश्नावर स्वतःच एक कथा रचून ठेवली आहे. १९५२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्ग इनसॉप यांच्या संग्रहात ती आहे. एक श्रीमंत मुलगा ऐकलेली प्रत्येक गोष्ट एका पिशवीत कोंबून तोंड बांधून ठेवतो, कोणालाही सांगत नाही. कोंडलेल्या गोष्टी सुडाने पेटतात आणि त्याच्या लग्नाच्या दिवशी त्याला मारण्याचा कट करतात. एक इमानी नोकर तो ऐकतो म्हणून तो वाचतो. ए. के. रामानुजन यांनी सादर केलेल्या एका कन्नड कथेतही न सांगितलेली गोष्ट आणि न गायलेले गाणे बाहेर पडून घरात अनर्थ माजवतात. दोन दूरच्या भाषांनी एकच इशारा दिला आहे. साठवण म्हणजे कथन नव्हे. त्या पिशवीला आज आपण संग्रह म्हणू, कोश म्हणू, पाठ्यपुस्तक म्हणू. तिचे तोंड बांधलेले असेल तर आतली गोष्ट सुरक्षित असते आणि बाहेरचे मूल नसते.

म्हणून लोककथा आणि मूल यांच्या संबंधाचा अभ्यास करताना संहितेच्या पाठभेदांबरोबर कथनप्रसंगाचे पाठभेदही नोंदले गेले पाहिजेत: कोणी सांगितली, कोणाला, कोणत्या भाषेत, कोणाच्या सत्तेखाली, आणि ऐकणाऱ्याने मध्येच काय विचारले. सशाची गोष्ट ६४२ मध्ये एका कैद्याला सुटकेची वाट दाखवून गेली, कारण ती त्यालाच उद्देशून सांगितलेली होती. बालवाडीतल्या मुलालाही गोष्टीकडून मिळायचे ते एवढेच असते. ती आपल्याला सांगितली जात आहे, याची खात्री.